कापसाच्या ढिगावरचा चढ

उन्हात तापलेल्या सरकीचा तेलकट वास आला की मला रनाळ्याचं आमचं अंगण आठवतं. साठच्या दशकात मी इंटर सायन्सला होते, वर्गात एकटीच मुलगी. सहामाहीत पदार्थविज्ञानात नापास झाले आणि आर्ट्सला जायचा अर्ज लिहूनच घरी आले. एका बिंदूवरच्या विद्युतप्रभाराभोवती क्षेत्र असतं आणि विभवही, म्हणजे पोटेन्शियलही, असतं, पण या दोन निराळ्या गोष्टी लागतात कशाला, हेच मला उमगत नव्हतं. अंगणात वेचलेल्या कापसाचा तुडवून घट्ट केलेला ढीग होता, कडेला पसरट आणि मध्ये उभा. आईने वर नेऊन ओतायला कापसाची टोपली माझ्या डोक्यावर दिली. कडेचा चढ सहज गेला, पण मध्याकडे वळले तशा पोटऱ्या भरून आल्या. "मधमा उभं शे, पाय जपीसन ठेव," आई खालून म्हणाली. दमून मी आहे त्याच उंचीवरून ढिगाला वळसा घातला, तर दम मुळीच लागेना, आणि मी तिथेच थबकले. उंची म्हणजे विभव होतं आणि त्या जागचा चढ म्हणजे क्षेत्र. खाली उतरून मी मातीत काडीने आकृती काढली आणि आईला सगळं समजावलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईने शांतपणे ऐकून विचारलं, "मंग पार शेंडावर काय शे?" आकृतीतल्या प्रभाराच्या बिंदूवर काडी टेकवून मी म्हणाले, "तठे कोन्ही पोचत नही, माय. उंची वाढतीच जास." "मंग चढत ऱ्हाय," ती म्हणाली. अर्ज मी चुलीत घातला. पुढे कितीतरी वर्षं मी हाच धडा शिकवला, पण शेंड्याचा तो प्रश्न इतक्या लवकर मला दुसऱ्या कोणी विचारला नाही.