शेरा : बेचिराख

डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, दिवस मावळताना, आम्ही तिघे साक्री तालुक्यातल्या एका रिकाम्या गावात पोचलो. तलाठी, एक पन्नाशीचा शेतकरी आणि मी. गावात राहती बाई एकच होती. दिवे मात्र सगळ्या घरांत लागलेले होते.

त्या महिन्यात तहसील कार्यालयात गावांच्या याद्या तपासल्या जात होत्या. जनगणनेआधी गावांच्या आणि वॉर्डांच्या सीमा गोठवतात. वर्षअखेरीनंतर त्यात बदल होत नाही. कोणतं गाव आहे, कोणतं विलीन झालं, कुठे वस्ती उरलेली नाही, हे त्याआधी कळवायचं असतं. धुळ्याच्या एका दैनिकासाठी मी त्या कामाची बातमी करत होतो. यादी चाळताना आईच्या माहेरच्या गावाचं नाव दिसलं. पुढे शेरा होता, बेचिराख. महसुलाच्या भाषेत याचा अर्थ वस्ती नसलेलं गाव.

शेरा जुनाच होता. तलावाच्या पाण्यात शेतं गेली, तेव्हा लोक पिंपळनेरच्या रस्त्यालगत नव्या गावठाणात राहायला गेले. आईच्या माघारी मी तिकडे फिरकलो नव्हतो.

तलाठ्याच्या पदाचं नाव सरकारने आता बदललं आहे. गावात अजून तलाठीच म्हणतात. तो आधी एकदा दुपारी पाहणी करून आला होता. एका दाराला कुलूप होतं, बाकीच्या घरांना दारंच नव्हती. नव्या गावठाणात त्याने तो शेरा लोकांसमोर वाचून दाखवला. तिथे हा शेतकरी उभा होता. त्याची म्हातारी आई जुन्या गावातच राहते, कुलूप लावून दिवसा शेळ्या चारायला जाते, असं त्याने सांगितलं. तिचं रेशनकार्ड त्याच्या घरी होतं. शेरा तसाच राहिला तर मोजणारा जुन्या गावात जाणार नव्हता. तिची नोंद मुलाच्या घरात झाली असती. तिला ते नको होतं. पुन्हा जायला तलाठी तयार झाला, पण संध्याकाळी, ती घरी असताना. मध्ये दोन दिवस गेले. तेवढ्यात मुलाने तो शब्द आईपर्यंत नेला आणि तिने त्याचा अर्थ विचारून घेतला. बेचिराख म्हणजे मुळात बे-चिराग, आणि चिराग म्हणजे दिवा.

भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. ज्या भिंतीत कोनाडा शाबूत होता, तिथे पणती होती. कोनाडा नव्हता तिथे उंबऱ्याच्या दगडावर. कुठे आवाज नव्हता. तलाठी गाडीवरून उतरला नाही.

"कोण राहतं इथे?" त्याने विचारलं.

शेतकऱ्याची आई, अक्का, तेलाची बाटली घेऊन समोरून आली.

"दिवा नही त्या गावले बेचिराख म्हनतस ना, भाऊ? मंग देख. बठ्ठा घरमा दिवा शे, एक बी घर सोडं नही."

"माय, साहेब तुले भूत समजतीन," मुलगा म्हणाला.

"भूतले तेल लागस का? तेल तर तूच आनी देस."

तलाठी हसला आणि गाडीवरून उतरला. "अक्का, आम्ही दिवे नाही, माणसं मोजतो."

"मंग माले मोज."

"मोजणारा नंतर येईल. वस्ती आहे की नाही, तेवढंच मला लिहायचं."

तिने त्याला घरात नेलं. चूल पेटलेली होती. दोन माठ भरलेले होते, शेळ्या आत बांधलेल्या होत्या. त्याने फोटो काढले, पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

निघताना तिने मला माझ्या आईचं नाव घेऊन हाक मारली, तिचा मुलगा ना तू, म्हणून. मी हो म्हणालो.

"तुन्ही मायना घरमा बी शे," ती म्हणाली.

ते घर मी ओळखलं नव्हतं. तिने बोट दाखवलं. कोनाड्यातली वात सरळ जळत होती, वर ओल्या काजळीचा पट्टा होता. कोनाड्याखाली, आई पीठ चाळायला बसायची तिथे, जमीन सारवलेली होती.

अहवाल मुदतीत गेला. अंतिम यादीत त्या गावापुढचा बेचिराख हा शेरा काढलेला आहे. ती यादी मी पाहिली. माणसांची प्रत्यक्ष मोजणी अजून व्हायची आहे.

गेल्या रविवारी मी अक्काच्या मुलाला फोन केला. अक्का जुन्या गावातच आहे. आदल्या सांजेला त्याने रस्त्यावरून दिवे पाहिले होते.

किती, मी विचारलं.

"बठ्ठा," तो म्हणाला.