पट्टीखालचा रंग

माझ्या आत्यासमोर गाडीचं दार उघडून खाली उतरणं हे आमच्या उमरगा तालुक्यातलं सगळ्यात धाडसाचं काम आहे. पाहुणा उतरतो, नमस्काराला वाकतो, पण तोवर आत्या त्याच्या पाठीमागं पोचलेली असते. इरकलीचा पदर खोचून ती उघड्या दाराच्या फटीत डोकं घालते, बिजागरीवर नख घासते आणि मग पाहुण्याकडं अशा काही करुणेनं बघते की त्या बिचाऱ्याला वाटावं, डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय. तिचा स्वतःचा मुलगा पुण्याहून नवीकोरी गाडी घेऊन आला, तेव्हा त्यानं दिलेला पेढा तोंडात घोळवत ती एवढंच म्हणाली, "वरून झ्याक हाय. बिजागरी रंगवायला मात्र कंटाळा केलाय." मुलानं उरलेले पेढे फ्रीजमध्ये ठेवले.

हे वेड तिला उतारवयात लागलं. मुरुमच्या शाळेत ती जन्मभर विज्ञान शिकवत होती. त्यामुळं अर्धं गाव तिला अजून बाई म्हणतं आणि तिच्यासमोर हात मागं बांधून उभं राहतं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. मामा आडत्याचा धंदा करायचे, आणि त्यांची गोल पाठीची जुनी मोटार त्यांच्या माघारी शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेली होती. एके दिवशी आत्यानं कोंबड्यांना बाहेर काढलं आणि जाहीर केलं, "ही कारखान्यातून आली तशी करायची. जशीच्या तशी." गाडी वरून पांढरी होती, त्याखाली तपकिरी निघाली आणि सगळ्यात खाली फिका पिस्ता. तिथवर ठीक होतं. घोडं अडलं ते दारांपाशी. दारांच्या बिजागऱ्या, हँडलांची बुडं, दाराची जीभ जिच्यात अडकते ती खांबावरची लोखंडी पट्टी, आणि हे सगळं धरून ठेवणारे स्क्रू, यांचा मूळ रंग कुठला? कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, कुठला का असेना. उमरग्याचा पेंटर तसं म्हणाला. "बाई, समदं काळं मारतो, चकाचक दिसंल." आत्या म्हणाली, "उभा रहा." तो तिचाच विद्यार्थी. बिचारा चहा येईपर्यंत उभा होता.

मग केसांतला आकडा, कापसाचा बोळा, थिनरची वाटी आणि भिंग घेऊन आत्या कामाला बसली. तिची रीत ऐकाल तर तुम्हालाही पटेल, हाच तिचा धोका आहे. स्क्रूच्या खाचेत अंगाचाच पिस्ता रंग भरलेला असला, तर ती वस्तू आधी बसवली आणि मग गाडीबरोबर रंगवली. वस्तू काढल्यावर तिच्याखाली रंग कोरा करकरीत सापडला आणि वस्तूवर मात्र थेंबही नाही, तर गाडी आधी रंगवली आणि वस्तू मागून बसवली. यावरून तिनं ठरवलं की बिजागऱ्या पिस्ता आणि पट्ट्या बिनरंगाच्या, नुसता राखी मुलामा दिलेल्या. हा शोध लागला त्या दिवशी तिनं गल्लीत शिरा वाटला. लोकांनी विचारलं, "नातू झाला काय?" ती म्हणाली, "न्हाय, बिजागरी पिस्ता निघाली." लोकांनी शिरा खाल्ला.

पण एका गाडीचा पुरावा तिला पुरेना. तशीच दुसरी गाडी कुठं दिसली की आत्या तिथं. कळंबला एका लग्नाला आम्ही गेलो, तर नवरदेवाची गाडी नेमकी त्याच जातीची, झेंडूच्या माळांत बुडालेली. मी अक्षता घ्यायला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर आत्या उकिडवी बसलेली, डोकं गाडीच्या दारात, हातात स्क्रूड्रायव्हर आणि आत नवरदेव मुंडावळ्या सावरत अंग चोरून बसलेला.

"आजी, काय हुडकायलात?" त्यानं घाबरत विचारलं.

आत्यानं मान वर केली आणि हळहळून म्हणाली, "बाळा, फसवलंय रे तुला. वरून रंगरंगोटी चांगली केलीय, आतली गोष्ट लई येगळी हाय."

हे वाक्य वरबापानं ऐकलं. त्याच्या तोंडून ते वरमाईनं ऐकलं. बँड थांबला. मुलीचे मामा मांडवातून तावातावानं आले आणि "कोण म्हणतंय आमची पोरगी फसवी हाय?" असं विचारू लागले. आत्या शांतपणे म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी हाय. ही पट्टी बदललीय." वरात निघाली खरी, पण गडबडीत स्क्रू कुठं गेला ते सापडेना, आणि नवरदेवाचा चुलता मारुतीच्या देवळापर्यंत ते दार हातानं धरून चालत होता.

या सगळ्याला घरचे हसायचे. पण मग नातीचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला की मी आजोबांच्याच गाडीतून जाणार. गाडी तयार होती. तीन दारं लागली होती. चौथं, डाव्या बाजूचं पुढचं, हॉलमध्ये सतरंजीवर आडवं पडलं होतं, कारण त्याच्या पट्टीच्या स्क्रूंवर आत्याला लाल रंगाचा बारीक ठिपका सापडला होता. दुसऱ्या कुठल्याच दाराला तो नव्हता. ठिपका स्क्रूच्या डोक्यावरून थेट पट्टीवर ओघळलेला. आत्यानं सिद्धान्त मांडला की कारखान्यातल्या साहेबानं तपासणी केल्याची ही खूण आहे, आणि तो लाल मिळाल्याशिवाय दार बसणार नाही. पेंटरनं कितीतरी लाल करून आणले. एक कुंकवासारखा, एक विटेसारखा. आत्या प्रत्येकाला नापास करत गेली. इकडं पाहुणे जमायला लागले, दाराला वळसा घालून जेवायला बसू लागले. नात रडकुंडीला आली. "आजी, दार नसलेल्या गाडीतून जाऊ का मी सासरी?" आत्या म्हणाली, "खोट्या रंगाच्या गाडीतून जाण्यापरीस बरं." त्यावर नात खरोखरच रडली.

त्याच दुपारी आळंदहून आत्याची नणंद आली, मामांची धाकटी बहीण. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी बाई. आत्यानं तिला पाणी द्यायच्या आधी भिंग दिलं आणि कारखान्यातल्या साहेबाची हकिकत सांगितली. नणंदेनं भिंग बाजूला ठेवलं, पट्टी उन्हात धरली आणि पोट धरून हसत सुटली.

"अय्यो, हुच्ची हाईस का गं?" हुच्ची म्हणजे वेडी. "कसला सायेब? ही तुझी नखाची लाली! नवी नवरी होतीस तवा तुझी बाटली हरवली म्हणून माझ्यावर आळ घेतलीस न्हवं? दिवाळीभर बोलली न्हाईस माझ्याशी."

"मग?"

"माझ्या अण्णानं, तुझ्या नवऱ्यानंच घेतली होती. आळंदच्या रस्त्यावर खड्ड्यात तुझं दार उघडलं होतं, आठवतंय का? स्क्रू ढिले व्हायचे. घट्ट आवळले आणि वरून लाली लावली. स्क्रू जरा फिरला तर ठिपका तुटलेला दिसतोय. तू बसलीस की दार लावायच्या आधी रोज बघायचा, ठिपका अखंड हाय का. तुला सांगू नको म्हणला, भितीस म्हणून."

आत्यानं तिच्या हातातून पट्टी घेतली. मग म्हणाली, "मला वाटायचं, हे दार लावायला एवढा येळ का लावायलेत. म्या म्हणायची, आवरा की, लोक बघायलेत."

नणंदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी आणि पेंटरनं दार बसवलं. स्क्रू आवळण्याआधी मी थिनरचा बोळा हातात घेतला. कारखान्यातून आलं नाही ते पुसायचं, हा नियम तिचाच. "आत्या, पुसू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "आणि जपून आवळ. ठिपका जुन्या जागीच आला पायजे."

तो जुन्या जागी यायला मला आणि पेंटरला घाम फुटला. आला तेव्हा आत्यानं पेंटरला प्रथमच शाबास म्हटलं, आणि तो एवढा गोंधळला की पुन्हा हात मागं बांधून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी नात पुढच्या डाव्या सीटवर बसली. गाडी चालू होती, जावई घड्याळ बघत होते, मुलाकडची मंडळी पुढच्या जीपमधून वळून बघत होती. आत्या दारापाशी गेली, पदर खोचून खाली वाकली आणि स्क्रूंकडं बघत राहिली. चांगलाच वेळ. आमच्यातल्या कुणीही तिला घाई केली नाही. मग तिनं दार अलगद लावलं, एकदा ओढून बघितलं, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू ने."