आंधळ्या जादूगारावर लावलेली मिशी
तापलेल्या कॉम्प्युटरचा धुळकट वास आला की मला मोताळ्याचा सायबर कॅफे आठवतो. तिथं एका जादूच्या गेमचे तिन्ही भाग आम्ही इतके खेळलो की माऊसला घट्टे पडले. तिसऱ्या भागातला आंधळा जादूगार म्हणजे पहिल्या भागातला हरवलेला राजाच, असं माझं ठाम मत. “कायचा राजा बे! खोटं निघालं तं मिशी काढशीन?” कॅफेवाल्या दोस्तानं भर बाजारात विचारलं. “हाव, काढतो!” पुरावा गेममध्येच, जादूगाराच्या वहीत होता, पण वहीपर्यंत पोचलो की रोज भारनियमन. मी कुठला हटतो! दुपारची लाईट धामणगावला असायची, म्हणून अख्खा कॉम्प्युटर गादीत गुंडाळून बैलगाडीनं तिकडं नेला. मागं निम्मा बाजार. वही उघडली, तर सगळं इंग्रजी. बारावी झालेला मी एकटाच. “वाच ना बे, काऊन थांबला?” मी खणखणीत वाचलं, “मीच तो राजा!” टाळ्या पडल्या, मिशी वाचली. परवा, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या भाच्यानं तोच गेम लावला. “राजाला मी माझ्या हातानं पुरलं,” असं जादूगारानं त्या वहीत आजही लिहून ठेवलंय. भाचा माझ्याकडं बघायला लागला. मिशीला पीळ देत मी म्हटलं, “आंधळ्याचं काय आयकतो बे? कोणाले पुरलं, त्याले दिसलं काय?”