शेवटची बारा मिनिटं

कुंदा गेल्याची बातमी मला आमच्या चित्रपट मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाली. वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक, खाली हापूसच्या पेटीचा भाव, आणि मधे दोन ओळी : कुंदाबाई पहाटे गेल्या, हार्ट अटॅक. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मी मासळीबाजारात होतो, पिशवीत नुकतेच घेतलेले बांगडे होते. ते परत द्यावेत की घरी न्यावेत हे मला बराच वेळ ठरवता येईना. शेवटी घरी नेले, बायकोने फ्रीजमध्ये टाकले... त्याला आता सात आठवडे झाले. अजूनही मला तसंच वाटतं. हातात काहीतरी आहे आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

आम्ही दोघं एका आळीतले, एका वर्गातले. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, तोही गुडघ्याएवढा. ती पुढे शाळेत मराठी शिकवायला लागली, मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला लागलो. तिने लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिने रत्नागिरीत चित्रपट मंडळ काढलं. महिन्यातला एक रविवार, शाळेचा हॉल, संध्याकाळी सहा. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ असं सगळं हवं असा काही सभासदांचा आग्रह होता. कुंदा म्हणाली, "पाहुणा शाल पांघरून झोपणार आणि नारळ घेऊन घरी जाणार. सिनेमा कोण बघणार?" पाहुणा रद्द झाला. मंडळाची तेवढी एकच परंपरा आम्ही नीट पाळली.

एक सिनेमा तिने तीन वर्षांत तीनदा दाखवला, दर वर्षी दहावीच्या नव्या मुली आणि त्यांच्या आया बोलावून. नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की लोक बघायच्या आधी फोनवर शेवट वाचतात, आणि इथे शेवटाचाच प्रश्न आहे. पंधरा वर्षांची मुलगी. बाप गावातला नावाजलेला डॉक्टर, रस्त्याने जाताना लोक थांबून नमस्कार करतात. घरात तो मुलीला मारतो. रागाने नाही, वेळापत्रकासारखा. मुलगी जिन्यावरच्या पावलांवरून त्याचा दिवस कसा गेला ते ओळखते. जेवते उभ्यानं, मागच्या दाराशी, कारण तिथून पळता येतं. आई सगळ्यांना सांगते, पोर धांदरट आहे, पडते. शेवटी एका दुपारी मुलगी घर सोडून निघते, परगावच्या स्टँडवर उतरते, वडापाव घेते आणि बाकावर बसून खाते. सिनेमाच्या दोन तासांत पहिल्यांदा बसून खाते. पहिल्या खेळाला तिथे हॉलमध्ये एक बाई एवढ्या मोठ्यानं रडली की मी मागे वळून पाहिलं, आणि मग मला माझी लाज वाटली.

आणि तिथेच लाइट गेली. पुढच्या वर्षीही तिथेच. तिसऱ्या वर्षीही. आपल्याकडे लाइट जाण्याचं कुणी आश्चर्य करत नाही, येण्याचं करतात. अंधारात कुंदा स्टेजच्या मागून बॅटरी घेऊन यायची, लोकांना खुर्च्यांमधून वाट दाखवायची, दाराशी चपलांवर उजेड धरायची. "पुढे काय झालं, बाई?" असं कुणीतरी विचारायचंच. ती म्हणायची, "पुढचं तिचं ती बघेल. चला, हॉल आठला खाली करायचाय." इतर सिनेमांच्या वेळी लाइट गेली की आम्ही अर्धा-अर्धा तास पुठ्ठ्यांनी वारा घेत थांबायचो. हे माझ्या ध्यानात यायला तिला मरावं लागलं.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. कुंदाच्या फोटोला हार तिच्यापेक्षा मोठा. एका माजी विद्यार्थ्याने, जो आता बराच मोठा कंत्राटदार आहे, गहिवरून सांगितलं की बाईंवर संस्कार झाले ते त्यांच्या वडिलांचे. आबा गुरुजी भर पावसात पोटच्या मुलीला खांद्यावर बसवून पऱ्याच्या, म्हणजे वाटेतल्या ओढ्याच्या, छातीभर पाण्यातून शाळेत नेत, आणि पाण्यातच तिच्याकडून पाढे म्हणून घेत. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी डोळे पुसले. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

कारण तो प्रसंग मी रचलेला आहे. आबा गुरुजींच्या पंचाहत्तरीला गौरविका निघाली तेव्हा संपादक म्हणून मला धरलं होतं. असल्या पुस्तिकांची मी आयुष्यभर टिंगल केली, पण संपादक म्हटल्यावर विरघळलो. कुंदाकडे आठवणी मागितल्या. ती म्हणाली, "मला काही आठवत नाही. तूच लिही, वसंता. तुला वाचून-वाचून सगळं येतं." मग मी तो पऱ्या लिहिला, खांदा लिहिला, पाढे लिहिले. मुद्रितं तिला दाखवली. तिने तो परिच्छेद दोनदा वाचला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच. लोकांना असलं आवडतं."

"मग ठेव," ती म्हणाली आणि मागच्या पानावरचे दोन अनुस्वार दुरुस्त करून दिले.

सभेनंतर हॉलचा शिपाई शांताराम मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "साहेब, एक बोलू? त्या शिनेमाला लाइट कधी गेलीच नाय. बाई स्टेजमागं जाऊन मेन स्विच खाली करायच्या. मला म्हनायच्या, शांताराम, बोललास तर तुला पुढच्या शिनेमाला पहिल्या रांगेत बसवीन. आता त्या नायत, म्हनून बोललो." मग त्याने मंडळाचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. आतापर्यंत तो तिच्या घरी असायचा, मंडळाचे सगळे सिनेमे त्यातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती शेवटची बारा मिनिटं पाहिली. मुलगी घरी परत येते. मधे काही वर्षं गेलेली आहेत. बाप अंथरुणाला खिळलाय. ती त्याचं डोकं मांडीवर घेते, चमच्याने पेज भरवते. बाप रडतो, मुलगी हसते, खिडकीतून उजेड येतो आणि जगातली सगळी व्हायोलिनं एकदम वाजायला लागतात. मी लॅपटॉप मिटला. कारण हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं होतं, फक्त व्हायोलिनं नव्हती. आबा गुरुजी नऊ वर्षं अंथरुणावर होते आणि कुंदा त्यांना असंच भरवायची. अख्ख्या आळीत तिचं कौतुक होतं, सर्वांत जास्त मी केलं. त्यांना भरवून झालं की ती स्वतःचं ताट घेऊन मागच्या दाराशी उभी राहायची. उभ्यानं जेवायची. मी कितीदा म्हटलं असेन, "अगं, बस की जरा." ती म्हणायची, "मेल्या, तू बसून जेवतोस म्हणून तुझं पोट बघ."

मग एकेक आठवायला लागलं. लहानपणी दोन-तीनदा ती दुपारची आमच्या मागील दारी आली होती, आणि आईने तिच्या मनगटाला हळद-तेल लावून दिलं होतं. "गडग्यावरून पडली गो पोर," आई मला म्हणाली होती. गुडघ्याएवढा गडगा... मी साठ वर्षं तो रोज ओलांडून जातोय. आईला माहीत होतं का? विचारायला आईही नाही.

इथे मी थांबतो, कारण मला स्वतःचा संशय येतो. एकदा मी कुंदासाठी एक प्रेमळ बाप रचला, तोही सात ओळींत. आता एक मनगट, एक ताट आणि एक सिनेमा एवढ्यावर दुसरा बाप रचतोय की काय? गुरुजी कडक होते, पण त्या काळात कोण नव्हतं? काही माणसं उभ्यानं जेवतात. काही मुली खरोखर पडतात. आणि समजा तसंच असेल, तर तिने तो शेवट का तोडला? खोटा वाटला म्हणून, की फार खरा वाटला म्हणून? की समोर बसलेल्या दहावीच्या मुलींना पेज भरवण्याचा धडा द्यायचा नव्हता म्हणून... आणि मग तिने स्वतः नऊ वर्षं पेज का भरवली? रात्री झोपताना मला एक उत्तर पटतं, सकाळी चहाबरोबर दुसरं. तिला एकदा सरळ विचारायला हवं होतं. गडगा गुडघ्याएवढाच होता.

गेल्या रविवारी मंडळाने तिच्या स्मरणार्थ तोच सिनेमा ठेवला. बाईंची अपुरी राहिलेली इच्छा म्हणून तो 'संपूर्ण' दाखवायचं ठरलं. त्यासाठी कंत्राटदाराने हॉलला इन्व्हर्टर भेट दिला, त्यावर त्याचं नाव कुंदाच्या नावापेक्षा ठळक. म्हणजे आता मेन स्विच खाली करून उपयोग नव्हता. लॅपटॉपपाशी मी बसलो होतो. मुलीने वडापाव घेतला, बाकावर बसली, पहिला घास घेतला. मी सिनेमा थांबवला.

"लाइट तर हाये," मागून कुणीतरी म्हणालं.

शांतारामने ट्यूबलाइटी लावल्या. मी उभा राहिलो. भाषणं करणाऱ्यांची मी एवढी चेष्टा केली आहे, आणि आता मीच भाषण करायला लागलो. मी म्हणालो, कुंदा सिनेमा इथेच संपवायची. लाइट जात नव्हती, ती घालवायची. कारण मला माहीत नाही. दुसरं म्हणजे, पऱ्यातून खांद्यावर नेल्याची ती गोष्ट मी रचलेली आहे, ती यापुढे कुणी सांगू नये. गुरुजी कसे होते हेही मला माहीत नाही. मी फक्त शेजारी राहत होतो. कंत्राटदार माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. निदान तेवढ्यापुरते आम्ही सारखे होतो.

लोक उठले. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी जागची हलली नाही. "काका, ती परत घरी जाते का?" तिने विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, बारा मिनिटं माझ्या बोटाखाली होती. तिच्या आईने तिचा हात धरला, पण ओढला नाही. तीही उत्तराची वाट बघत होती.

"पुढचं तिचं ती बघेल," मी म्हणालो.

मग स्टेजच्या मागे गेलो. मेन स्विचशेजारी खिळ्याला कुंदाची बॅटरी अजून टांगलेली होती. हॉलमध्ये लख्ख उजेड होता, तरी मी ती पेटवली, दाराशी जाऊन उभा राहिलो, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत चपलांवर धरून ठेवली.