पट्टी खाली उतरली तेव्हा

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी मी प्रभूशी भांडले, तेही मनातल्या मनात, कारण घशातून आवाज फुटतच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, नस दुखावली आहे, सहा महिने वाट पाहा, पण आवाज पूर्ण परत येईलच असं नाही. मी शाळेत गाणं शिकवते आणि जुईनगरच्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वीस वर्षं गायन चालवते. पेटी मी वाजवायची, गीताची पहिली ओळही मीच उचलायची, मग बाकीच्यांनी ती धरायची, अशी आमची रीत. मला प्रभूला सरळ विचारायचं होतं, द्यायला दुसरा आजार नव्हता का? गुडघे घे, कंबर घे. तुझ्या कामाला लावलेलं तेवढंच नेमकं नेलंस!

पण मी हटणाऱ्यातली नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले, त्यांनी प्रार्थना केली आणि हळूच म्हणाले, "बाई, गुड फ्रायडेला या वेळी आराम करा. आपण मोबाइलवर ट्रॅक लावू." मी मुलीची वही ओढली आणि ठळक लिहिलं, 'पेटी मीच वाजवणार.' मुलगी हसून म्हणाली, "अंकल, सोडा. आईचं एकदा ठरलं ना, की विषय संपला."

तीन आठवडे मी गायकवर्गाचा सराव घेतला. ताल टेबलावर वाजवायचा, चढउतार हाताने दाखवायचे. पहिली ओळ उचलायला त्यांच्यातलीच एक मुलगी तयार केली. सरावात ती छान म्हणायची, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आमच्या ह्यांच्याबद्दल मात्र सांगायला हवं. माझे यजमान दर रविवारी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचे. उपदेश मन लावून ऐकायचे, पण गीत सुरू झालं की तोंडाला कुलूप. मला त्याचा फार राग यायचा. गायन चालवणाऱ्या बाईचा नवरा मुका, लोक काय म्हणतील? त्यांचा विश्वासच कच्चा आहे असं मी ठरवून टाकलं होतं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी विनंतीसुद्धा घातली होती.

गुड फ्रायडेला सभागृह भरलं होतं. पाळकसाहेबांनी वधस्तंभाचं जुनं गीत सांगितलं. मी नेहमीसारखा काळी चारचा सूर धरला. ही बायकांची उंच पट्टी, वीस वर्षं मंडळी याच पट्टीत गात आलेली. पेटीवर ओळ वाजली आणि तयार केलेली ती मुलगी रडवेली होऊन गप्प उभी राहिली. मी ओळ पुन्हा वाजवली. कुणीच उचलेना. सवयीने सगळे माझ्याकडे बघत होते. घाबरून मी पट्टी एकदम खाली, काळी एकवर आणली. वाटलं, इतक्या खाली तरी माझा फुटका आवाज लागेल. तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. त्या क्षणी मी मनात म्हटलं, प्रभू, माझं संपलं, आता तूच बघ. बोटं मात्र थांबवली नाहीत.

आणि मागून, दाराजवळून, एका पुरुषाने पहिली ओळ उचलली. जाड, गावाकडचा, अगदी सुरात बसलेला आवाज. दुसऱ्या ओळीला अजून दोघे आले आणि कडव्यापर्यंत पुरुषांची सगळी बाजू गाऊ लागली. आमच्या मंडळीत पुरुषांचे इतके आवाज आहेत हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यात एक आवाज मी ओळखला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तो मी कधी ऐकला नव्हता. मला मागे वळता येत नव्हतं. मी रडत वाजवत राहिले.

उपासना संपल्यावर धावत दाराशी गेले. तो माणूस चपला घालत होता, शर्टावर गोदामाची धूळ होती. मी हात जोडले.

"सलाम, बाई," तो आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने म्हणाला. "तुर्भ्याला गोदामात असतो मी. आमच्या गावाकडं ह्याच पट्टीत म्हनतेत, म्हनून तोंड उघडलं. लई वर असतं तर न्हाय जमलं."

त्याला पाळीवर जायचं होतं. तो पुन्हा कधी आला नाही, त्याला कुणी बोलावलं होतं हे पाळकसाहेबांनाही ठाऊक नाही. मी त्याला देवदूत म्हणणार नाही, पण त्याला कुणी पाठवलं याबद्दल मला शंका नाही.

घरी आल्यावर वहीत लिहून ह्यांच्यापुढे धरलं, 'इतकी वर्षं का गायला नाहीत?' त्यांनी चहा संपवला, मग म्हणाले, "पहिल्या नाताळाला गायलो होतो की. तुझ्या पट्टीत पोचेना, आवाज फाटला. तू पेटीवरून वळून बघितलंस. मग म्हटलं, आपण ऐकावं."

कसं बघितलं असेन, हे मला विचारावं लागलं नाही. बेसूर मुलाकडे वर्गात मी कशी बघते ते मला माहीत आहे. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. मी त्यांचा हात धरून पुष्कळ रडले.

आता सहा महिने होऊन गेले आहेत. आवाज आला आहे, पण जाडा, खरखरीत. काळी चार आता मला कधीच लागणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून मी घरी येऊन प्रभूचे आभार मानले, आणि ते तोंडदेखले नव्हते. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत पहिली ओळ आता हे उचलतात. कधी सूर घसरतो, कधी शब्द विसरतात. मी पेटीवर मान खाली घालून त्यांच्या मागून जाते, आणि तेवढा वेळ मला प्रभूकडे काहीच मागावंसं वाटत नाही.