घडीचा कागद

तिरोड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात दर महिन्याला एक म्हातारे यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात तुळशीची माळ, आणि कंपवाताने थरथरणारा उजवा हात डाव्याने घट्ट धरलेला. गेल्या काही महिन्यांत गोळ्यांनी तो हात शांत झाला होता.

परवा आले ते काखेत झुंजीचा कोंबडा घेऊन. गळ्यात माळ नव्हती.

"काऊन जी, माळ कुठं गेली?"

"काढली. जन्मभर जुगार नाई खेललो, अन् आता कोंबड्यावर पैज नाई लावली तं जीव तडफडते. मनच सडलं माह्यं, भाऊ. दे गोळ्या."

मी खोक्यातून पट्टी काढली आणि आतला घडीचा कागद सवयीप्रमाणे कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून उलगडला. या गोळीने काहींना जुगाराचा नाद आवरत नाही, तसं झाल्यास डॉक्टरांना लगेच सांगावं, असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी त्यांना ते वाचून दाखवलं.

म्हातारे कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हात अजिबात थरथरत नव्हता.

"हा कागद आजच आला का, भाऊ?"