ताईच्या भजन ग्रुपमध्ये मी खरं बोलले

मंडळी, मी लातूरची. आठवडाभर मुंबई बघायला डोंबिवलीत मावशीकडे आलेय. पण मावसबहीण, म्हणजे ताई, मला रोज ठाण्याला, तिच्या कॉलेजच्या भजन ग्रुपमध्ये नेते. "समुद्र उद्या गं," म्हणते.

आज पाचव्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्या दादाने मला सगळ्यांसमोर उभं केलं. "पाहुणीने सांगावं, घरी कुठल्या देवाची पूजा करता?" दार लांब, मध्ये चाळीस जण मांडी घालून बसलेले. ताई खाली बघत होती.

शेवटी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. घरी बुद्धवंदना करतो."

दादा "छान!" म्हणाला आणि पुढचं भजन सुरू झालं.

बाहेर आल्यावर ताई रडवेली झाली. "दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता उद्या कशी जाऊ?"

मी खोटं बोलले नाही. पण हे सांगायचं की नाही, ते तिनं ठरवायचं होतं का? तुम्ही काय केलं असतं?